गाडी तापल्यावर

माझ्या नवऱ्याला सगळं गाव भिंगरी मिस्त्री म्हणतं. गॅरेजात तो एका गाडीखालून निघतो, दुसरीच्या बॉनेटमध्ये डोकं घालतो आणि मध्येच तिसरीचा हॉर्न वाजवून बघतो. जेवतानाही त्याचा एक पाय दाराबाहेर. माणूस वाईट नाही, पण बूड टेकेल तर शपथ.

माझी लाँड्री आहे. बाजारातल्या लॉजच्या चादरी-टॉवेल मी आमच्या जुन्या पिकअपमधून आणते आणि धुऊन परत पोचवते. मध्यंतरी पिकअपने एकच खोड धरली. सकाळी एका चावीत सुरू. पण चढाला लागून इंजिन तापलं, की दोन आचके देऊन बंद. रस्त्याच्या कडेला घाम पुसत बसलं, की काही वेळाने जसं काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. शेवटी लॉजच्या मॅनेजरने तोंडावर सांगितलं, "ताई, आता एकदा जरी उशीर झाला तरी मी दुसरी लाँड्री बघणार." लॉज गेला तर माझी लाँड्री उठलीच, कारण बाकीचं काम म्हणजे चार शर्ट आणि दोन पँटी.

"अरे, ती तापल्यावर बंद पडते," मी रोज सांगायची.

तो रोज सकाळी उठून, गार इंजिनाचं बॉनेट उघडायचा. प्लग बदलले, पॉईंट घासले, कंडेन्सर नवा घातला. चावी मारली की गाडी गुरगुरायची आणि हा हात पुसत म्हणायचा, "बघ, ठणठणीत आहे. तुझाच पाय चुकतो क्लचवर." माझा पाय! चादरी पिळून संध्याकाळी माझ्या मनगटात मुंग्या येतात, हेही त्याला सांगून झालं होतं. त्यावरही तेच. "सकाळी तर बरं असतं ना?" आणि गेला भिरभिरत.

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. चादरी भरल्या, त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हटलं, "शेजारी बस. आज तुझ्या डोळ्यांनी बघ."

बसला, पण कसला बसतोय! काच वर, काच खाली, आरसा इकडे, आरसा तिकडे. चढ आला. आज बंद पडली नाही तर मी कायमची खोटी, आणि पडली तर लॉज हातचा जाणार. निम्म्या चढावर आचके आले. इंजिन बंद झालं.

गाडी थांबायच्या आतच तो खाली उतरला. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉईलकडून येणारी जाड वायर उपसून त्याने तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. "मार चावी!" इंजिन नुसतं फिरलं. ठिणगी नाही. त्याने कॉईलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"एक टॉवेल भिजवून दे."

"धुतलेला आहे तो! लॉजचा!"

"दे गं."

पाण्याची बाटली ओतून भिजवलेला पांढराशुभ्र टॉवेल त्याने कॉईलला गुंडाळला. आता थांबण्याशिवाय काही काम नव्हतं. तो पिकअपभोवती फेऱ्या मारायला लागला. मी ओरडले तेव्हा कठड्यावर बसला. पुन्हा चावी मारली, तर वायरच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली.

लॉज गाठला. मॅनेजरने टॉवेल मोजले, एक कमी भरला, कपाळाला आठ्या घातल्या, पण घड्याळात वेळ टळली नव्हती, म्हणून माल उतरवून घेतला. परतताना नवी कॉईल घेतली. नंतर पिकअप कधी चढावर अडली नाही.

त्याच संध्याकाळी ताटावर तो चक्क दोन्ही पाय आत घेऊन बसला होता. भाकरीचा तुकडा हातातच होता.

"तू हेच सांगत होतीस इतके दिवस," तो म्हणाला.

"हेच."

"मी गार गाडीच बघत राहिलो."

माझा राग होताच, तो एका कॉईलने कसा जाणार?

"आणखी काय सांगत होतीस?"

मी उजवा हात त्याच्यापुढे धरला. त्याने मनगट दोन बोटांत पकडलं आणि हळूच दाबलं. "इथे? की खाली?" बाहेर कोणीतरी मिस्त्री, मिस्त्री म्हणून हॉर्न वाजवत होतं. तो उठला नाही.