मालनची कलमं आणि दुसरा फॉर्म

गणपतीपुळ्याच्या अलीकडे, कातळाच्या कडेला मालन कळंबटे आंब्याची कलमं बांधायची. नवरा सखाराम मुंबईला गिरणीत होता. संपानंतर गावी आला तो दमा घेऊनच. तेव्हापासून घर चाललं ते मालनच्या बोटांवर. बाठे, म्हणजे आंब्याच्या कोयी, पुरायचे, रोपाची पानं लाल असतानाच त्यावर हापूसची काडी बसवायची, वरून पट्टी आवळायची. पानं हिरवी झाली की कलम धरत नाही. शहाऐंशी साली एका सरकारी बागेने तिच्याकडून कलमं नेली, आणि पुढल्या पावसाळ्यात, नेमकी बांधणी चालू असताना, त्या पैशांचा फॉर्म भरून द्या असं आयकर कचेरीचं पत्र आलं.

ते घेऊन ती रत्नागिरीला गंगाराम मयेकरांकडे गेली. कोर्टातून निवृत्त झालेले हे कारकून लोकांचे अर्ज लिहून देत.

"वयनी, शेतीचं उत्पन्न असेल तर हा फॉर्म, धंदा असेल तर तो. त्यात धंद्याचा नंबरही घालावा लागतो. कलमं विकणं म्हणजे धंदाच की."

"धंदा कसला, भाऊ? जमीन माजी, बाठा मी पुरला, पाणी मी घातला. ह्याला शेती नाय तर काय बोलायचा?"

गंगारामांना ते पटलं, पण खात्री नव्हती. विचारून ठेवतो म्हणाले. दोन दिवसांनी ती पुन्हा एसटीने गेली. "तुमचंच खरं," ते म्हणाले, "स्वतः वाढवलेली कलमं, ती शेतीच." त्यांनी फॉर्म भरून पुढे सरकवला. मालनने सहीसाठी पेन घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"भाऊ, सगळी माजी नव्हती. कमी पडली म्हणून शेजारच्या काशीरामाची इकत घेतली नि पुढं दिली."

गंगारामांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ती मात्र धंद्यात येतात. पण वयनी, कोण बघायला येणार आहे?"

"कोण येव नको. मना खोटा लिवायला जमत नाय."

म्हणजे दुसरा फॉर्म. नंबरांच्या यादीत लाकूड होतं, मासळी होती, जाळी होती. कलमं कुठेच नव्हती. तिसऱ्या खेपेला कचेरीतला माणूस रजेवर. चौथ्या खेपेला त्याने यादी वरखाली पाहिली आणि 'इतर विक्री'चा नंबर सांगितला. एवढंच. फॉर्म देऊन मालन भिजल्या लुगड्याने स्टँडवर उभी राहिली तेव्हा तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

घरी आली तर वाफ्यातली बरीचशी पानं हिरवी झालेली. सखारामने धापा टाकत काही रोपं बांधली होती. पट्ट्या सैल होत्या.

"तुजा हात नाय मना," तो ओशाळून म्हणाला.

"ऱ्हावंद्या," ती म्हणाली, आणि खाली बसून एकेक पट्टी सोडून पुन्हा आवळू लागली. त्यातली थोडी जगली. त्या वर्षी सरकारी बागेला द्यायला तिच्याकडे काही उरलं नाही.

दिवाळीनंतर कचेरीचा कागद आला. कर काहीही भरायचा नव्हता. सखारामने तो दोनदा वाचून दाखवला. मालनने ऐकलं, कागद ट्रंकेत ठेवला आणि भरदुपारी, कधी नव्हे ती, पदर डोक्याखाली घेऊन ओटीवर आडवी झाली.