खलनायकाचा गाल

सोसायटीतल्या हॅलोविनला नात कॉमिकमधला खलनायक होणार आहे. काळा झगा तयार झाला. आता मी तिच्या गालावर डिंकाने टिश्यू पेपर चिकटवून भाजल्याचा डाग रंगवतोय.

"आजोबा, अजून भयानक करा. व्हिलन आहे मी!"

असाच गाल माझ्या धाकट्या भावाचा, बापूचा होता. दिवाळीत फुसक्या फटाक्यांची दारू आम्ही कागदावर जमवली. तो वाकून बघत असतानाच मी काडी लावली. "माझ्याच हातून झालं," असं त्याने घरी सांगितलं. त्या गालाला पोरं घाबरायची, मुली नकार द्यायच्या. तो गेला तरी मी गप्पच.

"तुम्ही कोण होणार, आजोबा?"

"व्हिलनच."

"पण तुमच्या तोंडावर तर काहीच नाही!"

"तेच सांगायचंय. बस इथे."