मुंबैवालीची दिष्ट

राहीइतकी जळकी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. पण तिच्याइतकं जळायचं कारणही दुसऱ्या कुणाला नव्हतं.

मी तेव्हा मंडणगड तालुक्यातल्या एका आतल्या गावात मास्तरीण होते. राही माझी शेजारीण. नवरा काशीराम मुंबईला, घरात सासू जनी आणि पाच वर्षांची लेक चिमा. चिमा बोलत नसे, हाक मारली तर वळत नसे. खळ्यात बसून काजूच्या बिया एकापुढे एक मांडत राहायची आणि कुणी रांग मोडली की डोकं आपटायची. राहीनं जवळ घेतलं की अंग ताठ करायची, लाकडासारखं. मग जनी शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आवशीनं जीवच लावलान नाय, पोर यायची कशी तिच्याकडं?"

सत्त्याऐंशी साली मुंबईहून डॉक्टर देवस्थळीबाई आल्या. मुलांची वाढ, ऑटिझम नावाचा प्रकार आणि अशा मुलांच्या घरच्या माणसांच्या मनाचे हाल, यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. दर महिन्याला यायच्या, उतरायच्या माझ्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी जनीला ठणकावलं, "यात आईचा काही दोष नाही. मूल जन्मतःच असं असतं." राहीला झोप लागते का, जेवण जातं का, हेही आपुलकीनं विचारलं. दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. राही मात्र धुसफुसत राहिली. कारण बाई पोरीकडे नुसत्या बघत बसायच्या, तासन्‌तास, एक शब्द न बोलता. दुसऱ्याच्या लेकराकडे इतकं टक लावून बघतात का कुणी?

म्हणून बाईंची पाठ वळली रे वळली की राही दिष्ट काढायची. मुठीत मीठमिरच्या घेऊन चिमाच्या तोंडावरून ओवाळायची आणि चुलीत टाकायची. दिष्ट काढताना कुणाकुणाची ते म्हणावं लागतं. आल्याची, गेल्याची, भुताची, खेताची. राहीनं पदरचं एक जोडलं होतं, "आनि त्या मुंबैवालीची!" मी भिंतीपलीकडे तोंडाला पदर लावून हसायची.

पुढे एकदा आक्रीत झालं. देवस्थळीबाई चिमाशेजारी मांडी घालून बसल्या होत्या. चिमा एक बी ठेवी, की त्याही एक ठेवत. चिमा एकाएकी उठली, तिनं बाईंचं बोट धरलं आणि त्यांना पाण्याच्या हंड्याकडे ओढत नेलं. तहान लागली होती तिला. बाईंचे डोळे भरून आले. जनीनं नाक मुरडलं. "बघा, परकीकडं बरी जातेय! आता कुनाचा दोष?"

संध्याकाळी राही माझ्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, पाच वर्सं मी तिचं हगणंमुतणं काढलं. माजं बोट कदी धरलंन नाय. तिचं धरलंन! सांगा तिला, परत येव नुको."

शहाणपण शिकवायला माझी जीभ वळली नाही. दुसऱ्यांची पोरं दिवसभर अंगाखांद्यावर खेळवून मोकळ्या हातानं घरी येणारी बाई मी. तिचं जळणं मला कळलं. मी निरोप दिला. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या भांडल्या नाहीत. "एकदाच येऊ दे," एवढंच म्हणाल्या, "मग नाही येणार."

पुढच्या महिन्यात त्या आल्या. राही उंबऱ्यात उभी, डोळ्यांत नुसता अंगार. बाईंनी रांगेत बी ठेवली. चिमा उठली. बाईंनी हौसेनं बोट पुढे केलं.

चिमा त्या बोटावरून सरळ पुढे गेली. स्वयंपाकघरात शिरली आणि मूठभर मीठ घेऊन आली. राहीसमोर उभी राहून तिनं आईची बोटं एकेक करून उघडली, मीठ त्यात ठेवलं आणि मान वर करून तिच्या डोळ्यांत बघत थांबली. मुंबईची बाई आली की आई मूठ फिरवते, एवढं त्या पोरीला पक्कं कळलं होतं. आणि ते तिला हवं होतं.

जनीसुद्धा पुढे सरकून बघायला लागली. राहीनं मूठ मिटली आणि ती ओवाळायला लागली. चिमाची नजर मुठीबरोबर फिरत होती, मधेच आईच्या तोंडावर येत होती. देवस्थळीबाईंनी बोट अजून मागे घेतलं नव्हतं. त्या हसत होत्या, चांगलं तोंडभर हसत होत्या, पण त्यांचा ओठ दाताखाली होता. माझ्या आधी ते राहीनं पाहिलं. जळणाऱ्याला जळणारा लगेच ओळखू येतो.

"बाई," हात न थांबवता ती मला म्हणाली, "आतून जरा मिरच्या आना. चांगल्या चार जास्ती आना. आज खरीच लागली हाय."