बामाची पकड आणि हाजीशेठ

लूमच्या खात्यात कापसाचा भुगा कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा असतोच. आमच्या कबड्डी टीमच्या किश्शांचं तसंच आहे. सत्तरच्या दशकात भिवंडीच्या आमच्या पॉवरलूम कारखान्याच्या टीमनं व्यावसायिक गटात जिल्ह्याचं अजिंक्यपद मिळवलं. त्या एका सीझनचे किस्से निघाले की चहा गार होतो, पण माणसं उठत नाहीत. मी टीमचा मॅनेजर, म्हणजे पाणी, लिंबं आणि भांडणं सांभाळणारा.

मालक हाजीशेठनी सुरुवातीलाच बजावलं होतं, यंदा कप आला नाही तर टीम बंद. त्यांनी आमची एकही मॅच पाहिली नव्हती. त्यांना फक्त प्रॅक्टिसपायी बंद पडणारे लूम दिसायचे. कॅप्टन बामा जवळच्या दापोडे गावचा, आणि ही टीम त्यानंच एकेक पोरगा धरून उभी केलेली. ते ऐकून तो डबा न उघडताच घरी गेला.

* * *

पहिली मॅच पडघ्याला होती. आमचा हुकमी चढाईपटू रफिक, मूळचा यूपीचा. पहिल्याच चढाईला पंचांनी त्याला बाद दिलं. दुसऱ्यालाही तेच! मी तणतणत मैदानात गेलो. पंच म्हणाले, "अहो, हा कबड्डी कबड्डी म्हणतच नाही. नुसते ओठ हलवतो."

आमची प्रॅक्टिस चालायची चालू लूमच्या शेजारी. त्या खडखडाटात कुणाचा आवाज कुणाला ऐकू येणार? इतके दिवस रफिक मुकाच खेळत होता आणि आम्हाला पत्ता नाही! विचारलं तर शांतपणे म्हणाला, "बोल तो रहे थे, मन में."

ती मॅच आम्ही कशीबशी काढली. मग बामानं त्याला आपल्या शेताच्या बांधावर उभा करून रोज ओरडायला लावलं. शेजारच्या शेतातली म्हातारी खूश झाली. तिच्या भातावरची पाखरं उडत होती. चार दिवस रफिक गेला नाही, तर ती बामाला विचारायला आली, "तुजा तो वरडनारा कवा येनार हाय?"

* * *

खडखडाटात आवाजाचं काम नाही म्हणून लूमवाले हातांनी बोलतात. मैदानातही आमची पोरं खुणांनीच बोलायची, आणि समोरचे चक्रावून जायचे. पण एकदा समोरच्या टीमची चढाई चालू असताना आमच्या गंगारामच्या चड्डीची नाडी तुटली. त्यानं सवयीनं धागा तुटल्याची खूण केली. झालं! सहाच्या सहा जण लूम थांबवायला हात पुढे करून जागच्या जागी उभे. समोरचा गडी आरामात तिघांना शिवून परत गेला. गंगाराम एका हातानं चड्डी धरून बाकी वेळ खेळला, आणि त्याच हाफमध्ये त्यानं दोन पकडी केल्या.

* * *

गणेशपुरीच्या सेमी-फायनलआधी अंग मोकळं व्हावं म्हणून सगळे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसले. इतके मोकळे झाले की पहिल्या हाफमध्ये कुणाला धावताच येईना. रफिक तर उभ्या उभ्या जांभया देत होता. मध्यंतरात बामानं प्रत्येकाच्या डोक्यावर विहिरीच्या गार पाण्याची बादली ओतली. मग मात्र आम्ही मागे वळून पाहिलं नाही.

* * *

फायनल कल्याणच्या टीमशी. हाजीशेठ पहिल्यांदाच मॅचला आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, टीम बंद करायचा दिवस असल्यासारखे गंभीर. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि आमच्याकडून मैदानात एकटा बामा. 

कल्याणचा गडी बामाला शिवून परत फिरला आणि बामानं त्याची कंबर धरली. दोघं मध्यरेषेजवळ आडवे. गड्याचा हात रेषेकडे सरकतोय, बामा त्याला मागे ओढतोय. हात रेषेला लागला की नाही हे दिसेना, म्हणून शेठ त्या कपड्यांनिशी कडेच्या मातीत पालथे पडून बघायला लागले!

हात पोचलाच नाही. शिट्टी वाजली, आम्ही जिंकलो, लोक नाचायला लागले. बामा मात्र पकड सोडेना. मातीतूनच त्यानं शेठना विचारलं, "शेट, आदी सांगा. टीम ऱ्हानार का न्हाय?"

शेठ म्हणाले, "सुबह बात करेंगे."

बामानं मिठी आणखी आवळली. खालून कल्याणच्या गड्यानं हात जोडले. "शेठ, हो म्हणा ना. आमची हरली, तुमची तरी राहू द्या."

शेठ उठले. कपडे झटकायचंही त्यांना सुचलं नाही. त्या गड्याकडे खालीवर बघत त्यांनी विचारलं, "तू हमारे यहाँ खेलेगा?"