भोंग्याच्या रिक्षातला माणूस

हल्ली माझा आवाज रेडिओवर, जाहिरातींत ऐकू येतो. सुरुवात कुठून केली, असं लोक विचारतात. पनवेलमध्ये, रिक्षात बसून, असं सांगितलं की त्यांना वाटतं मी विनयानं बोलतोय.

मोबाइलच्या दुकानातून मला काढलं होतं. पळस्प्याच्या हॉटेलातून मी स्वतःच निघालो, म्हणजे काढणारच होते. तिशी उलटलेली, लग्न झालेलं. मग विचुंब्याच्या प्लॉटांची जाहिरात करायला भोंगा लावलेली रिक्षा मिळाली. "पळस्प्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर!" असं मी दिवसभर ओरडायचो. तेवढ्या अंतरावरून हाक ऐकू यायची तर भोंगाच हवा होता.

घरी मात्र ऑफिसात आहे म्हणून सांगितलेलं. आमच्या गल्लीत शिरलो की मी आवाज घोगरा करायचो, कारण गॅलरीत बाबा बसलेले असायचे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. रिक्षावाले काका विचुंब्याचेच. म्हणायचे, "लाजतोस कशाला? चोरी हाय का ही? आमी नाय लाजत."

एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आज एक माणूस ओरडत गेला. उच्चार स्वच्छ, पण श्वास पुरत नाही त्याला. वाक्य मधेच तोडतो."

बायको आमटीत बघून हसली. मी म्हटलं, "असेल कुणी बिचारा."

दुसऱ्या दिवशी मी श्वास सांभाळला.

"आज बरा होता," बाबा म्हणाले. "पण घाई फार. कुत्रं लागलंय का मागे?"

वर्षभर अशी शिकवणी चालली. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तरी 'तो माणूस' तोच राहिला. एकदा तरी बाबांनी मला, माझ्याकडे बघून, तू चांगलं बोलतोस म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

रेडिओवर पहिली मोठी जाहिरात मिळाली तोवर बाबांचे कान गेले होते. यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून लावायचे नाहीत. नुसती मान डोलावून निभावून न्यायचे. मी फोन घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. जाहिरात काही केल्या लागेना, नेट अडकलेलं.

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पाठीवर हात ठेवला.

"छान. तू फार छान बोलतोस."

जाहिरात अजून सुरूच झाली नव्हती.

"लागली बघा, ऐकवा की त्यांना," बायको दारातून म्हणाली. मी फोन उपडा ठेवला.

"ऐकली त्यांनी," म्हटलं.