थंड इंजिन

माझ्या आत्याच्या यजमानांइतका संशयखोर माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतकी लाज मला आजवर कुणी आणली नाही. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पंचवीस वर्षं गुऱ्हाळाचं तेलाचं इंजिन सांभाळल्यामुळं मनुष्यजात खोटं बोलते आणि लोखंड खरं बोलतं, असं त्यांचं ठाम मत होतं. इंदापूरच्या बाजारात बैल घेताना ते दात तर बघतच, पण बैल पाणी कसा पितो हे बघायला दोन-दोन तास उकिडवे बसत. मी बी. ए. झालो, घराण्यातला पहिला. पदवीचा कागद सगळ्यांनी कपाळाला लावला. मामांनी तो उन्हात धरला, उलटा केला आणि म्हणाले, "शिक्का बरा उमटलाय."

आमचं गाव इंदापूरच्या पलीकडच्या तीरावर. दवाखाना अलीकडं. पुरात वल्ह्यांची होडी बंद पडे; अशाच एका पुरात वेशीतल्या कुंभाराची सून बाळंतपणात काठावरच गेली. तेव्हा गावानं होडीला मागून लावायची मोटर घ्यायचं ठरवलं. बारामतीच्या एका बागायतदारांकडं तसली जुनी मोटर होती. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्याच ओसरीवर राहून मी मॅट्रिक झालो होतो. व्यवहार मी जुळवला, आणि पारखायला गावानं मामांना पाठवलं.

आबांनी मळ्यातल्या हौदावर मोटर टांगून ठेवली होती. आम्हाला बघताच गड्यानं दोरी ओढली आणि ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. मी हरखलो. मामांनी ती बंद करायला लावली, टोपण काढलं आणि इंजिनावर तळवा ठेवला.

"आबा, च्या आमच्यासाठी तापवला, ते समजलं. हे कशापायी तापवलंसा?"

आबांचा चेहरा उतरला. "गड्यानं फिरवून बघितली असंल, राव."

"असंल की. निवू द्या."

आणि तो गृहस्थ तीन तास आंब्याखाली बसून राहिला! चहाला शिवला नाही. मी शरमेनं मान वर करू शकत नव्हतो. इंजिन निवल्यावर मामांनी स्वतः दोरी ओढली. सतरा वेळा ओढली, मोटर नुसती खोकली. मग खालचा स्क्रू काढून त्यांनी तेल बोटावर घेतलं. ते ताकासारखं पांढरट होतं.

"आत पानी शिरलंय," एवढंच बोलून त्यांनी बोट धोतराला पुसलं.

परतीच्या एस. टी.त माझा संताप उफाळला. "ज्यांच्या ओसरीवर मी शिकलो, त्यांना तुम्ही चोर ठरवलंत!"

"तुला शिकवलं ते खरं. इंजान तापवलं तेबी खरं. दोन्ही ध्येनात ठेव," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उद्या पुरात हूडीत बाळंतीण असंल, तवा इंजान थंडच असनार. तुजा आबा येनार हाय का दोरी वढाय?"

मी आणखी चिडलो. दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, याचा राग वेगळाच! पुढं मामांनी कुठून तरी दुसरी मोटर शोधून आणली. होडीला ती लागली. पुढच्या पावसाळ्यात तीन बाळंतिणी सुखरूप पार झाल्या.

चौथ्या खेपेला होडीत मामाच होते, बाजेवर. दम लागलेला, डोळे मिटलेले. पाणी काठ खात होतं. नावाड्यानं दोरीला हात घातला तोच मामांनी "थांब" म्हटलं, आणि हात घोंगडीतून बाहेर काढला. तो इंजिनापर्यंत पोचेना. मी टोपण काढलं, त्यांचं मनगट धरून तळवा आत टेकवला.

"थंड हाय," ते समाधानानं म्हणाले. "आता वढ."

मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली.

चार दिवसांनी परत येताना होडीत मामा नव्हते. नदी पार होईपर्यंत मी इंजिनावर तळवा टेकवून बसलो होतो. ते तापलं, चटका बसू लागला, तरी हात उचलवेना.