किंकाळीच्या आधी

आमच्या तिसगावात परदेशी रॉक ऐकणारा मी एकटा. हे मी अभिमानाने सांगत असे आणि गाव काळजीने सांगत असे. "पोरगा तसा चांगला हाय, कारखान्यावर वजनकाट्याला हाय, पण त्याला त्ये वरडनारे बाप्ये लागत्यात," अशी माझी ओळख करून दिली जाई. या ओळखीवर दोन स्थळं मोडली. तिसरं पत्रिकेवर मोडलं, तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

माझे गायक तीन. त्यांची खरी नावं सांगण्यात अर्थ नाही, कारण आमच्या वस्तीवर ती कधी वापरलीच गेली नाहीत. आईने तिघांचं बारसं स्वतः केलं होतं.

पहिला दाढदुख्या. हा गाण्याच्या पहिल्या शब्दापासून टिपेला असतो आणि शेवटपर्यंत खाली उतरत नाही. मी आईला समजावलं की इतका उंच सूर इतका वेळ टिकवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ती म्हणाली, "दाढ काढून टाक म्हनावं, बरं वाटंल."

दुसरा रडका. याचा आवाज मधेच फाटतो, आणि तो मुद्दाम फाडतो. एका गाण्यात शेवटच्या कडव्याला तो आवाज असा काही चिरतो की माझ्या अंगावर काटा येतो. जगात त्या फाटण्यावर लोक जीव ओवाळून टाकतात. वडील फक्त एवढंच म्हणाले, "ह्याला कुनी पानी द्या रे."

तिसरा कानगोष्ट्या, आणि हा माझा देव. हा सुरुवातीला कुणाला गुपित सांगावं इतका हळू गातो. मग चढत जातो, चढत जातो, आणि एकदम थांबतो. वाद्यंसुद्धा थांबतात. सगळं चिडीचूप. माझ्या मते जगातली सगळी गायकी त्या थांब्यात आहे. आणि मग येते ती किंकाळी, लांबच्या लांब, दम न तोडता. आईने हे गाणं कधी सलग ऐकलंच नाही. थांबा आला की ती "झालं येकदाचं" म्हणून भाकरीकडे वळायची आणि किंकाळी आली की विचारायची, "आता ह्ये दुसरं कुनी लावलं?"

नुसतं ऐकून माझं भागत नव्हतं. मीही गायचो. सुट्टीच्या दिवशी सकाळी स्लॅबवर जायचं, मोबाईल टाकीवर ठेवायचा आणि कानगोष्ट्याचं ते गाणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं. आवाज बरा होता असं माझं मत. दुसऱ्या कुणाचं मत मी विचारलं नाही, तेवढं व्यवहारज्ञान मला आहे.

पण गाणं एकदाही पुरं झालं नाही. आमचं घर शेतातच. घरासमोर ज्वारी, आणि ज्वारीत चार मेढींवर फळ्या टाकून केलेला माळा. दाणा दुधात आला की आई सकाळी त्या माळ्यावर चढायची आणि पाखरं हाकलायची. गोफण तिच्या हातात असायची ती शोभेला. खरं हत्यार म्हणजे तिची हाळी. "हाऽऽऽऽ हुर्र्र्र!" ओढ्यापलीकडच्या वस्तीवरली पाखरंसुद्धा उडायची. तिथले लोक गमतीने म्हणायचे, आमची राखण फुकटात होते. मी गात गात थांब्यापर्यंत यायचो, छाती भरून श्वास घ्यायचो, आता किंकाळी ठोकणार, तेवढ्यात, अगदी नेमकी तेवढ्यात, माळ्यावरून हाळी यायची. दरवेळी. सगळी मेहनत पाण्यात.

मी कठड्यावरून खेकसायचो, "आई, तुला पाखरं हाकलायला हाच मुहूर्त सापडतो का?"

"मंग काय पाखरांना टायम इचारू?"

कप्पाळ! मी रेकॉर्डिंग पुसून टाकायचो. आई माझ्यावर डूख धरून आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

मागच्या दिवाळीनंतर आईचा आवाज बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, काकूने काढा दिला. तो इतका कडू होता की आवाज असता तर आई ओरडली असती. मग नगरला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने नळी घालून घसा पडद्यावर दाखवला आणि विचारलं, "गाणं वगैरे म्हणता का?"

आईने नाही म्हणून मान हलवली.

"मग ओरडता?"

"वरडती?" वडील छाती फुगवून म्हणाले, "सायब, पार ओढ्याच्या पल्याड जातंय हिचं वरडनं!"

डॉक्टरवर काडीचाही परिणाम झाला नाही. स्वरतंतूंवर गाठी आहेत, म्हणाला. संक्रांतीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठी जिरल्या तर ठीक, नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर आवाज येईलच असं मी लिहून देणार नाही. गाडी बाहेर लावा म्हणून सांगावं, तितक्या सहज त्याने हे सांगितलं. बाहेर आल्यावर आईने गळ्यावर हात ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

आणि इकडे ज्वारी हुरड्यात आलेली. राखणीला माणूस मिळेना, कारण आमच्याकडचं हाताशी येणारं प्रत्येक माणूस त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेलं असतं. वडिलांचा आवाज इतका मऊ की पाखरं उडायची सोडून त्यांच्याकडे चौकशीला आली असती. मीच म्हणालो, माझ्याकडे एकाहून एक सरस ओरडणारे पडून आहेत. मोठा ब्लूटूथ स्पीकर आणला, माळ्यावर बांधला आणि दाढदुख्याला लावलं. अख्खं शिवार त्याच्या सुरात न्हाऊन निघालं. माझ्या दैवतांना तिसगावात प्रथमच श्रोते मिळाले होते, भले ते पंखवाले का असेनात.

दाढदुख्याने पहिल्या दिवशी मैदान मारलं. चिमण्यांचा थवाच्या थवा उठला. दुसऱ्या दिवशी थवा उठला आणि पुन्हा तिथेच बसला. त्यानंतर चिमण्यांनी त्याला विजेच्या खांबाइतकीच किंमत दिली. रडका जरा जास्त टिकला. त्याचा आवाज फाटला की पोपट दचकायचे. पण रोज दचकायला पोपट म्हणजे मी नव्हे. कानगोष्ट्याचं तर विचारूच नका. तो हळू आवाजात गुपित सांगत असताना पाखरं निवांत खात होती, थांब्यात खात होती आणि किंकाळीला फक्त माना वर करून बघत होती. शेवटी एक साळुंकी खुद्द स्पीकरवर येऊन बसली आणि तिने तिथे जे करायचं ते केलं. वडील म्हणाले, "तिला आवडलेलं दिसतंय."

आई बांधावर बसून हे सगळं बघायची. बोलायची बंदी, म्हणून टाळ्या वाजवायची. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे मूर्खा, तिकडे बघ. मला बहुतेक दोनच मिळायच्या.

त्यात गावाने नवाच घोळ घातला. बाई बोलत नाही म्हणजे मौनव्रत, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. कशासाठी? तर पोराच्या साडेसातीसाठी. पोराचं लग्न जमत नाही, पोरगा असलं काहीबाही ऐकतो, साडेसाती नाही तर दुसरं काय! शिंगणापूरला बोललेला नवस असणार, असं काकूने ठामपणे सांगितलं, आणि काकू ठामपणे बोलली की आमच्याकडे ते सातबाऱ्यावर चढतं. बायका नारळ घेऊन बांधावर यायला लागल्या. पाया पडायला लागल्या. आई बिचारी नाही-नाही म्हणून हात हलवायची, त्या म्हणायच्या, "बगा, आशीर्वाद देत्यात." मी डॉक्टरचा कागद दाखवला. काकू म्हणाली, "डाक्टर बी निमित्तच अस्तुया, बाबा." एकीने सुनेला मुलगा होईल का विचारलं. त्याच वेळी ज्वारीवर पोपट उतरले, आईने चिडून आभाळाकडे हात केला आणि ती बाई समाधानाने घरी गेली. नारळ एवढे साठले की आम्ही महिनाभर खोबऱ्याची चटणी खाल्ली. माझी साडेसाती मात्र हलली नाही.

रात्री जेवताना आई गळ्यावर हात ठेवून बसायची. देवी होण्याची तिला हौस नव्हती. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं की आत आवाज उरलाय की नाही, आणि ते बघायलाच बंदी होती.

कणसं अर्धी पोकळ दिसायला लागली तेव्हा मी अखेरचा उपाय म्हणून मोबाईलमध्ये आईची हाळी शोधायला बसलो. सातासमुद्रापलीकडच्या बाप्यांचं ओरडणं माझ्याकडे ढिगाने होतं. ज्या आवाजाने मला वाढवलं, त्याचं काहीच नव्हतं. लग्नाचे व्हिडिओ बघितले, त्यात ती पदर सावरून गप्प. मग एक न पुसलेलं रेकॉर्डिंग सापडलं, स्लॅबवरचं. माझं गाणं, चढत चढत थांब्यापर्यंत, आणि मग आईची हाळी. मी ते कान लावून ऐकलं. खोटं कशाला बोलू, कानगोष्ट्याने त्या जागी आयुष्यात इतकं चांगलं काही केलेलं नाही.

मी माझं गाणं कापून टाकलं, नुसती हाळी ठेवली आणि सकाळी स्पीकरवर लावली.

"हाऽऽऽऽ हुर्र्र्र!"

सबंध रान उठलं. चिमण्या, पोपट, ती साळुंकी, सगळे. आई बांधावर दचकून उभी राहिली आणि कोण ओरडलं म्हणून चहूकडे बघायला लागली. मग तिला कळलं. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रागावली. तिने एक टाळी वाजवली आणि बोटाने खूण केली: पुन्हा लाव. त्या दिवसापासून पाखरं हटली ती हटलीच. ओढ्यापलीकडून निरोप आला, मावशींचं व्रत सुटलं वाटतं, बरं झालं.

संक्रांत झाल्यावर पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरने नळी घातली, बघितलं आणि म्हणाला, "बोला."

आई आमच्या तोंडाकडे बघत राहिली. वडिलांनी खिशातला रुमाल काढून हातात घट्ट धरला होता.

"काय बोलू?" ती म्हणाली.

आवाज होता. ऑपरेशन टळलं होतं. पण तो आवाज खाली गेलेला, घोगरा, आणि दर शब्दाच्या टोकाला फाटणारा. हुबेहूब रडक्याचा. ज्या फाटण्यावर मी इतकी वर्षं जीव ओवाळला होता, ते माझ्या आईच्या तोंडून आलं आणि मला ते ऐकवेना. डॉक्टर म्हणाला, बोलायला हरकत नाही, पण हाळी यापुढे बंद. कायमची.

परत आल्यावर आई चहा न घेताच बांधावर जाऊन बसली. ज्वारी काढणीला आली होती, राखणीचं काही राहिलं नव्हतं. मी शेजारी बसलो, वडील मागे येऊन उभे राहिले.

"लाव," ती म्हणाली.

"आता कशाला? दाणा पक्का झालाय."

"तू लाव."

मी लावली. हाळी ज्वारीवरून ओढ्याकडे गेली. ती कान देऊन ऐकत होती.

"ह्येच्या आदी तुझं गानं आसंल की. त्ये कुठं गेलं?"

"कापलं."

"का?"

"पाखरांना माझ्या गाण्याचं काय करायचंय?"

ती हसली, पण तेही फाटलं. मग एकेक शब्द जपून म्हणाली, "तू सलॅपवर गायला लागला ना, की मी वरडायची न्हाई. पाखरं समोर खायची. खाऊ दे म्हनायची, पोराचं होऊ दे. दम धरून बसायची. मंग तू थांबला की वाटायचं, झालं पोराचं. मंग वरडायची."

किती ज्वारी तिने माझ्या गाण्यापायी पाखरांना चारली असेल, आणि मी कठड्यावरून तिच्यावर खेकसत होतो.

"आई, ते संपलेलं नसायचं गं," मी म्हणालो. "त्याच्यापुढे एक मोठी किंकाळी असते. सगळं गाणं तिच्यासाठी असतं."

"आगं बया!" आईने कपाळावर हात मारला. "मंग सांगायचं न्हाई व्हय?" आणि म्हणाली, "मंग म्हन की आता. आता काय, मदी मी वरडत न्हाई."

मी उभा राहिलो. मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला, थांब्यात थांबलो. कुठूनही काही आलं नाही. ज्वारी हलत होती तेवढीच. मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने, बांधावर, या वयात.

आईने दोन टाळ्या वाजवल्या.

"ह्यो बगा," ती तिच्या फाटक्या आवाजात वडिलांना म्हणाली, "रडका आला आपला."